शिवकन्येचं हसू

"खाली न्हाई, वर!" पडद्यामागं निजलेल्या पारूबाईला नर्स सुकेशनीबाई म्हणाल्या. "बाळंतपणात कुंथल्यावानी जोर लावायलाव तुमी. लघवी मधीच अडवतो ना, तसं आत, वर ओढायचं."

पारूबाईचं तोंड उतरलं. दवाखान्यात जा म्हणून धाकटी जाऊ शिवकन्या मागं लागली होती; पण ती आली होती जावेचीच चहाडी सांगायला. सारखी वाळत पडलेली लुगडी बघून शिवकन्येनं मुद्दामच उलटा व्यायाम शिकवला, म्हणून त्रास वाढला, असं तिनं मनाशी पक्कं केलं होतं.

शिवकन्येवर ती जळायची, खोटं कशाला बोला! शिवकन्येची बाळंतपणं माहेरी, तूप-डिंकाच्या लाडवांवर झाली. पारूबाईचं धाकटं लेकरू ऊसतोडीवर, पाचटाच्या कोपीत जन्मलं, आणि ओल्या अंगानंच ती मोळी डोक्यावर घेऊन ट्रकची फळी चढली. ऊसतोडीत कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी; बायको बसली की नवऱ्याचंही काम बसतं. तेव्हापासून शिंकलं तरी लुगडं ओलं. नवरा जवळ आला की दुखायचं, वरून वासाची धास्ती. ती पाठ फिरवायची. शेवटी बन्सीधर शेतातल्या आखाड्यावर, गुरांच्या छपरात निजायला जाऊ लागला. इकडं भिंतीपलीकडं शिवकन्या नवऱ्याशी खिदळायची. मेली हसते तरी किती!

"जावेनं बरोबरच सांगितलं असंल," सुकेशनीबाई म्हणाल्या. "तिनंच तुमाला धाडलं न्हवं? म्हणली, माझ्यावानी त्यांनाबी बरं वाटू द्या."

म्हणजे तिलाही हेच होतं! एवढं लपवलं भवानीनं! पण आपण तरी कुणाला सांगितलं होतं?

पारूबाई घरी न जाता थेट आखाड्यावर गेली. बन्सीधर कडबा रचत होता.

"घर सोडून इथं का निजता?"

"तूच तोंड फिरवायलीस. वाटलं, नकोसा झालो तुला."

"दुखतंय मला! लुगडं भिजतंय, लाज वाटती. अन् त्या शिवकन्येचं हसणं ऐकलं की जीव जळतोय."

बन्सीधरनं हातातली पेंढी खाली टाकली. "मला न्हाई का सांगायचं, पारू?"

"नर्सबाई म्हणतेत, व्यायामानं उतार पडंल. पण लय दिवस लागतेत. तवर..."

"तवर थांबतो की. पण घरी थांबतो."

त्यानं गोधडी झटकून खांद्यावर टाकली आणि रोजच्या सवयीनं तिच्यापुढं चालू लागला.

"असं पुढं नका पळू," पारूबाई म्हणाली. "बरोबरीनं चला. बघू द्या त्या शिवकन्येला."