सत्यवतीच्या अंगणातली पिवळी रेघ

“हलली गो, रेघ हलली!” सुकी मासळी विकणारी हौसाबाई किंचाळली आणि सत्यवतीच्या अंगणात दाटलेल्या शंभरेक माणसांचे हात आपोआप जोडले गेले.

चौरंगावर लाल कापड, कापडावर बिस्किटांच्या डब्याएवढं यंत्र, आणि यंत्राच्या पडद्यावर एक पिवळी रेघ ठोके दिल्यासारखी उड्या मारत होती. यंत्राच्या तारेचा चिमटा एका निळ्या शर्टाला लावला होता. शर्ट सुशांतचा, सत्यवतीच्या एकुलत्या एक मुलाचा. अठरा दिवसांपूर्वी तो एकटाच होडी घेऊन मासेमारीला गेला. होडी पालथी सापडली, सुशांत सापडला नाही.

“बघ माते, प्राणतरंग!” तरंगनाथ महाराज गरजले. “तुझा पुत्र सागरदेवतेच्या ओटीत सुखरूप आहे. अमावास्येला आपल्या पायांनी चालत येईल. फक्त घरातल्या कोणी त्याला मेलेला धरायचं नाही. धरलं की तार तुटलीच!”

सागरदेवतेची ओटी इतकी मोठी असती, तर या किनाऱ्यावर एकही विधवा दिसली नसती. पण हे त्या वेळी बोलणार कोण? सत्यवती हसत होती. चार दिवस ती रेघ आडवी पडली होती आणि चार दिवस म्हातारीच्या पोटात पेजेपलीकडे काही गेलं नव्हतं.

गर्दीच्या मागे माडाला टेकून सुशांतची बहीण दीपिका उभी होती, आणि तिचेही हात जोडलेले होते. तंत्रनिकेतनातली इलेक्ट्रॉनिक्सची प्रयोगशाळा सांभाळणारी बाई ही! पण बुडत्याला काडीचा आधार म्हणतात. इथे बुडालेला एक होता आणि काडीला सगळं घर लोंबकळत होतं.

त्यात दीपिका गुन्हेगार ठरली होती. रेडीच्या किनाऱ्याला एक प्रेत लागलं होतं, चेहरा न उरलेलं. पोलीस म्हणाले, आईचं रक्त द्या, जुळवून बघू. शनिवारपर्यंत कोणी आलं नाही, तर बेवारस म्हणून पुरू. दीपिका सोमवारी चौकशीला गेली आणि त्याच संध्याकाळी रेघ झोपली. महाराजांनी तिच्याकडे बोट दाखवलं. तेव्हापासून आईनं तिला उंबरा ओलांडू दिला नव्हता. रात्री पडवीत पडल्यापडल्या दीपिकालाही वाटायचं, आपणच तर नाही ना ती तार तोडली?

आज शुक्रवार होता. रेघ उठवायचा विधी महाराजांनी सकाळीच मांडला होता. गळ्यातल्या रुद्राक्षांमधून त्यांनी एक काळी ‘गुटिका’ काढली आणि यंत्रात खुपसली. पडदा काळा झाला, एक पट्टी हळूहळू भरू लागली, खाली इंग्रजी अक्षरं उमटली. “कोणी हलू नका! यंत्रात देव शिरतो आहे!” बायांनी पोरांची तोंडं दाबून धरली. पट्टी भरल्यावर पडदा उजळला आणि महाराज चिठ्ठीवरचा ‘बीजमंत्र’ पुटपुटत एकेक अक्षर दाबू लागले. त्यानंतर रेघ उठली होती.

भावाचा ठोका जवळून बघावा म्हणून दीपिका गर्दीतून पुढे आली. पडद्याच्या कोपऱ्यात एक बारीक ओळ अजून तशीच होती. ती देववाणी नव्हती, साधं इंग्रजी होतं: सोय बसवली, मुदत कायम.

दीपिकाचे हात सुटले. हीच ओळ तिनं गेल्या महिन्यात प्रयोगशाळेतल्या यंत्रात विकतची सोय बसवताना वाचली होती.

तिला ओरडावंसं वाटलं नाही. खरं सांगायचं तर गप्प बसावंसं वाटलं. आई हसत होती हो! पण उद्या शनिवार होता.

तिनं चिमटा सोडवला आणि शर्ट घडी करून आईच्या मांडीवर ठेवला. रेघ तशीच उड्या मारत राहिली.

“स्पर्श करू नकोस, पापिणी!” महाराज कडाडले.

“माझ्या भावाचो प्राण आसा मा? मगे माका कोण अडवता?” ती हौसाबाईकडे वळली. “तुझ्या टोपलीतलो एक सुको बांगडो दी.”

हौसाबाईनं दिला. दीपिकानं चिमटा बांगड्याला लावला. रेघ ठणठणीत.

“ह्यो कधी वाळत घातलंस?”

“दोन म्हयने झाले.”

“मगे ह्येचोय प्राण आसा!”

मागे कोणीतरी फिसकन हसलं. महाराज सूक्ष्म संबंध, वातलहरी वगैरे सांगू लागले, पण आवाजातली गर्जना गेली होती. दीपिकानं लाल कापड उचललं. यंत्राच्या पाठीतून निघालेली आखूड तार त्याच यंत्राच्या तोंडात खोचलेली होती. तिनं ती उपसली. रेघ आडवी झाली. सत्यवतीनं हंबरडा फोडला.

“आये, थांब!” दीपिकानं तार परत खोचली. रेघ उठली. तिनं बटण फिरवलं, ठोके दुप्पट झाले. आणखी एक दाबलं, रेघ चौकोनी झाली.

“हृदय चौकोनी कधीपासून झाला?” तिनं विचारलं. “ह्येका ऑसिलोस्कोप म्हणतत. विजेचे चढउतार दाखवता. आणि नकली रेघ तयार करूची सोयय ह्येच्याच पोटात आसा, तेतूरली एक हृदयाची. कंपनी ती सोय कुलपात ठेवता. थोडे तास वापरूक देता, मगे बंद. सोमवारी ते तास सरले. मी चौकीर गेलंय म्हणान नाय! गुटिका म्हणजे पेनड्राइव्ह. तेच्यातसून आतलो कारभार नवो केल्यान, फर्मवेअर म्हणतत तेका. देव शिराक नाय. आणि बीजमंत्र म्हणजे तेच्या कुलपाची चावी.”

महाराज चपला शोधायला वाकले. हौसाबाईनं टोपली सरळ त्यांच्या वाटेत आडवी टाकली. पुढे पोलिसांसमोर त्यांचं नाव जितेंद्र निघालं आणि धंदा फोंडाघाटच्या बाजारात टीव्हीदुरुस्ती.

सत्यवतीला त्याचं काय? ती उठली आणि तिनं दीपिकाच्या थोबाडीत मारली.

“मारलंस! दुसऱ्यांदा मारलंस माझ्या झिलाक!”

“माकाय तो व्हयो आसा गो, आये!” दीपिका ढसाढसा रडली. “पण थंय कोण पडलो आसा ता बघूक नको? आपलो असलो तर? उद्या तेका बेवारस म्हणान पुरतले!”

म्हातारी चिमट्यातल्या बांगड्याकडे कितीतरी वेळ बघत राहिली. मग तिनं मांडीवरून पडलेला शर्ट उचलला, झटकला आणि पदराखाली घेतला.

“रक्त खंय देवचा लागता?”

दुपारी दवाखान्याच्या बाकावर परिचारिकेनं सुई हातात घेतली, तेव्हा सत्यवतीनं हात मागे ओढला. “ह्या रक्त खंय जातला? कोण बघतलो? माझा आणि माझ्या झिलाचा जुळता, ह्या कशावरून कळता?” दीपिका एकेक गोष्ट सांगत गेली, न कंटाळता. यंत्र खोटं बोलत नाही. त्याला जे पाजाल तेच ते दाखवतं. पाजणारा कोण, एवढंच विचारायचं असतं. हेच प्रश्न अंगणातल्या शंभरांपैकी एकानं जरी पहिल्या दिवशी विचारले असते, तर ते प्रेत इतके दिवस कोणाची वाट बघत पडलं नसतं.

“आणि जुळला नाय तर?”

“तर परत शोधूया. होड्यो घेऊन.”

सत्यवतीनं हात पुढे केला.

“माका सगळा सांग, गो. कळल्याबगर मी आता हात जोडूचंय नाय.”