समुद्रफुलाची अक्कल

विज्ञानाला देशाच्या, धर्माच्या किंवा भूगोलाच्या सीमा नसतात. घरमालकीण असते.

मार्तंडरावांच्या विज्ञानाची घरमालकीण यमुताई. नागपूरच्या महाल भागातल्या त्यांच्या घरी, मागच्या खोलीत, हे कॉलेजातले प्राणिशास्त्राचे डेमॉन्स्ट्रेटर भाड्याने राहत. जन्म रामटेकचा, म्हणजे समुद्राशी संबंध मिठापुरता. पण फाल्गुनात रत्नागिरीला एका लग्नाला गेले आणि खडकावरचे एक समुद्रफूल, लागेल तेवढ्या समुद्रासकट, काचेच्या बरणीत घालून नागपुरास घेऊन आले.

"फूल म्हणता, अन् बोटाले चिकटते कसं?" यमुताईंनी बोट घालून पाहिले होते.

"दिसते फुलासारखं. जनावर आहे ते."

"खाते काय?"

"झिंगे."

"ह्या घरात चातुर्मासात कांदा येत नाही, अन् तुम्ही झिंगे आणून राहिले? एक तर ते राहीन, नाही तर तुम्ही."

"दोघंही राहू," मार्तंडराव म्हणाले. "झिंगे मागच्या दारानं येतील."

ते असे बोलले की यमुताईंनी उठून मागच्या दाराची कडी काढली. असा प्रसंग त्या घरात पूर्वी घडलेला नव्हता.

मार्तंडरावांच्या हट्टाला कारण होते. विभागप्रमुख प्रोफेसर वझलवारांचे मत असे की ज्याला मेंदू नाही तो प्राणी काही शिकू शकत नाही. मार्तंडराव म्हणत, शिकतो; समुद्रफुलाला मेंदू नसतो, त्यालाच शिकवून दाखवतो. प्रत्यक्ष दाखवले तर प्रबंधाला हा विषय मंजूर. नाही तर बेडकाच्या हृदयाचे ठोके, ज्यांवर विभागातल्या प्रत्येकाने आधीच लिहिले होते. बेडकावर लिहायचे नाही, एवढे मार्तंडरावांनी ठरवले होते.

युक्ती साधी होती. झिंग्याच्या रसात बुडवलेला कागद दिला की समुद्रफूल तो गिळते आणि मग ओकते. रोज असेच फसवत गेले तर कधीतरी ते कागद तोंडाशीच नाकारील. म्हणजे शिकले. मेंदू असलेली माणसे सेक्रेटरिएटात पेन्शनीपर्यंत कागद गिळतात, हा दाखला त्यांनी प्रोफेसरांना दिला नाही.

चैत्र तापला. बरणीतले पाणी आटे, मीठ मागे राही. मार्तंडराव खुणेच्या रेघेपर्यंत गोडे पाणी घालत, बरणी ओल्या वाळूच्या परातीत ठेवत, भोवती वाळ्याचा पडदा लावत, आणि स्वतः उघड्या अंगाने दारात पडत.

"घरच्या माणसाले पडदा नाही," यमुताई म्हणत, "अन् ह्या नवाबाले वाळा! वरून कागद चारून राहिले. काहून गा छळता त्याले?"

"छळ नाही यमुताई, शिक्षण आहे."

"आमच्या वामनालेही असेच कागद चारले मास्तरनं. म्याट्रिक नाही झाला."

वैशाखात प्रोफेसरांनी घरी येऊन पाहायचे कबूल केले. मार्तंडरावांनी यमुताईंना बजावले, "उद्यापर्यंत ह्याले उपाशी ठेवून राहिलो. भूक असून कागद नाकारला, तरच ते शिक्षण. पोट भरल्यावर कोणीही नाकारते."

"बरं," यमुताई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी प्रोफेसर वझलवार कोट-टोपीत घामाघूम होऊन आले आणि पाटावर बसले. मार्तंडरावांनी चिमट्याने कागद पुढे केला. त्यांचा हात स्थिर होता. कान तेवढे लाल झाले होते. समुद्रफुलाने कागदाला पाकळीसारखी एक शुंड लावली, क्षणभर विचार केल्यासारखे केले आणि ती काढून घेतली. दुसरा कागद. तोच प्रकार. तिसऱ्याला तर त्याने अंगच आखडून घेतले.

"अद्भुत," प्रोफेसर म्हणाले. "माझ्या निम्म्या विद्यार्थ्यांना हे जमत नाही."

"आता खरा झिंगा देतो, सर. तो खाल्ला की शंकाच नको."

"राहू द्या, राहू द्या. वास येतो." प्रोफेसर उठलेच. "विषय मंजूर. उद्या अर्ज आणा."

ते गेल्यावर मार्तंडराव बराच वेळ बरणीसमोर हात जोडून बसले. मग म्हणाले, "पाहिलं यमुताई? अक्कल आहे त्याले!"

"अक्कल कायची?" यमुताई परात उचलता उचलता म्हणाल्या. "पाहुण्यासमोर ते हावरटपणा करीन, घराचं नाव जाईन, म्हणून मीच सकाळी त्याले पाच झिंगे चारले."