शेंदराची दोन बोटं

गोरेगावच्या बाजारात त्या दिवशी वांग्यांना गिऱ्हाईक नव्हतं. मिरचीची पोती तशीच उभी, बांगडीवाली पाटी उघडी टाकून गायब, आणि सेनगावच्या जीपचा ड्रायव्हर प्रवासी भरायचे सोडून टाचा उंचावून उभा. सगळा बाजार टोकाच्या भगव्या मंडपाभोवती लोटला होता. मंडपात वेगनाथ महाराज बसले होते आणि सायकलींची परीक्षा घेत होते.

होय, सायकलींची. गेल्या काही वर्षांत हिंगोली जिल्ह्यात पहाटे सायकल पळवणाऱ्यांची लाट आली आहे. डॉक्टर, मास्तर, पोलीस भरतीची पोरं, सगळे घट्ट चड्ड्या घालून औंढ्यापर्यंत जाऊन येतात आणि दिवसभर त्याचंच सांगत बसतात. एवढी माणसं एका गोष्टीमागं वेडी झाली की तिथं एखादा महाराज उगवायला वेळ लागत नाही. महाराजांच्या मागं बांबूच्या मांडवावर सात-आठ रेसिंग फ्रेमी टांगल्या होत्या. नुसत्या फ्रेमी, चाकं नाहीत, हँडल नाही. प्रत्येकीला कुठं ना कुठं लाल दोऱ्याचा गंडा गुंडाळलेला.

"भक्तहो!" महाराजांचा आवाज भोंग्यातून खरखरला. "सायकल म्हणजे आजचा अश्व. तुम्ही चाक पाहता, गिअर पाहता. सांगाडा कोण पाहतो? सांगाड्यात स्पंदन असतं! तुमचं स्पंदन आणि त्याचं स्पंदन जुळलं तर वारा मागे पडेल. नाही जुळलं तर अपघात अटळ! परदेशातल्या शास्त्रज्ञांनीसुद्धा हे मान्य केलंय."

कोणत्या परदेशातल्या, हे विचारायला कुणाला सवड नव्हती. पुसेगावचा दूधवाला धर्मसिंग पुढं झाला होता. पोलादी दंडाचा माणूस, दोन्ही बाजूंना कॅन लटकवून रोज सायकल हाणणारा. महाराजांनी त्याला डावा हात त्याच्या जुन्या सायकलवर ठेवायला आणि उजवा खांद्याच्या रेषेत ताठ धरायला सांगितलं. शेंदराच्या वाटीत दोन बोटं बुडवली, काहीतरी पुटपुटले आणि ताठ हातावर टेकवून दाबली. हात झपकन खाली आला.

"आईची आन, म्या जोर लावला होता!" धर्मसिंग चकित होऊन म्हणाला.

"आता हा सिद्ध सांगाडा." महाराजांचा चेला खेमा, मानेचा ठाव नसलेला पहिलवान, मांडवावरची एक फ्रेम घेऊन आला. धर्मसिंगनं डावा हात तिच्यावर ठेवला. पुन्हा शेंदूर, पुन्हा पुटपुटणं, पुन्हा दोन बोटं. महाराज चेहरा लाल होईस्तोवर दाबत राहिले. हात तसूभर हलला नाही. गर्दीतून जयजयकार उठला.

त्या गर्दीत शितल राठोड एका पायावरचा भार दुसऱ्या पायावर टाकत उभी होती. ती गावातल्या शाळेत खेळाची शिक्षिका. वय छत्तीस. चौदा वर्षं शर्यतीची सायकल चालवत होती आणि एके काळी नांदेड-परभणीच्या शर्यतींत तिच्या पुढं कुणी गेलं तर ती बातमी व्हायची. आता तिच्या सायकलीची ॲल्युमिनियमची फ्रेम पायडलांच्या कण्यापाशी तडकली होती आणि पुढच्या बाजारानंतरच्या रविवारी नांदेडला शर्यत होती. गेली दोन वर्षं ती चढावर मागं पडत होती. काय बिघडलं कळत नव्हतं. टायर बदलून झाले, गिअर बदलून झाले, खाणं बदलून झालं. शाळेच्या मैदानावर ती पोरांच्या आधी स्वतःच चार फेऱ्या मारायची आणि जेवायला बसली तरी तिचा पाय ताटाशेजारी हलत राहायचा.

तिला इथं आणलं होतं तांड्यावरून, तिच्या आईनं. गेल्या वर्षी उतारावर पडून शितलचं गळ्याचं हाड मोडलं, तेव्हापासून पारुबाईनं सायकलीला राक्षसच मानलं होतं. "महाराजांनी पास केली तर चालव," तिनं बजावलं होतं. "न्हाई तर माझ्या हातचं पाणी पिऊ नको." नंबर लावताना तिनं खेमाला पोरीची सगळी कहाणी सांगून टाकली होती.

"मला गंमत बघायचीय फक्त, याडी," शितल आईला म्हणाली होती. पण नंबर आला तेव्हा ती हाक यायच्या आधीच पुढं सरकली होती.

घरून आणलेल्या तडकलेल्या सायकलीवर तिनं हात ठेवला. महाराजांनी दोन बोटं दाबली आणि उजवा हात असा पडला की जणू तो तिचा नव्हताच. मग खेमानं एक काळी कुळकुळीत कार्बनची फ्रेम आणली. उचलली तर हाताला वजनच लागेना. पुन्हा बोटं दाबली. हात ताठ.

महाराज तिच्याकडे वाकले. आवाज मधाळ झाला. "दोन वर्षं मागे पडत्येस ना, बेटी? दोष तुझ्या पायात नाही. सांगाड्यात आहे."

चौदा वर्षांची जाणकार बाई, आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. हेच कुणीतरी म्हणावं म्हणून ती दोन वर्षं तळमळत होती. खरं तर ती फ्रेम पाहता क्षणीच तिला कळलं होतं की सीटपासून हँडलपर्यंतचा पल्ला आपल्याला दोन बोटं जास्त आहे, ही आपल्यापेक्षा उंच माणसाची फ्रेम आहे. दुसऱ्या कुणाला घ्यायची असती तर तिनं तिथल्या तिथं नको म्हणून सांगितलं असतं. पण आता तिनं मनातल्या त्या आवाजाला गप्प बसवलं. "आज घेऊन जा, पुढच्या बाजारी दक्षिणा आण," महाराज म्हणाले. "आणि गंडा सोडू नकोस. सुटला की शक्ती गेली."

दुसऱ्या दिवशी ती जुनी सायकल आणि काळी फ्रेम घेऊन हिंगोलीला जलालचाचांच्या दुकानात गेली. जलालुद्दीनचाचा तिच्या पहिल्या सायकलीपासूनचे मिस्त्री. जुन्या सायकलीचं सगळं सामान काढून नव्या फ्रेमवर चढवायचं होतं. चाचांनी काळी फ्रेम उजेडात धरली, फिरवली आणि गंड्यावर बोट ठेवलं.

"हे सोडू दे की बेटा. खालून नळी बघायची हाय."

"नको चाचा. याडीला शब्द दिलाय."

 चाचा मान हलवून जुन्या सायकलीचं पायडल खोलायला बसले. पायडल गंजून जाम झालं होतं. पाना लावून दोघांनी आळीपाळीनं जोर केला, शितलचे तळवे लाल झाले, पण आटा हलेना. "थांब, आसं न्हाई व्हायचं," म्हणत चाचांनी कोपऱ्यातून हातभर लांब लोखंडी पाइप आणला, पान्याच्या दांडीवर चढवला आणि तिच्याकडं दिला. शितलनं पाइपचं टोक धरलं. एका हातानं नुसतं दाबलं. कट्टकन पायडल सुटलं.

हे तिनं शंभर वेळा पाहिलं होतं. पोरांना शिकवलंही होतं, दांडी जितकी लांब तितका जोर कमी लागतो. पण या वेळी पाइप खाली ठेवताना तिची नजर स्वतःच्या उजव्या हातावर गेली. पारुबाईनं प्रसाद म्हणून धुऊ न दिलेला तेलातला शेंदूर तसाच होता. बोटांचे दोन ठसे. एक मनगटावर, दुसरा कोपराच्याही वर, दंडाजवळ.

तिनं दोन्ही ठशांवर बोट फिरवलं. मग म्हणाली, "चाचा, हात ताठ धरा."

"काहून?"

"धरा तर."

तिनं आधी दंडाजवळ दोन बोटं ठेवून सगळी ताकद लावली. चाचांचा हात जागचा हलला नाही. मग तीच बोटं मनगटावर ठेवली, तेवढीच दाबली. हात खाली.

"या अल्ला!" चाचा म्हणाले आणि स्वतःच्याच हाताकडं बघत हसायला लागले. शितलला मात्र हसू येईना. तिला राग आला होता, महाराजांचा आणि त्याहून जास्त स्वतःचा. तिनं खिशातून नाणं काढलं आणि काळ्या फ्रेमच्या नळ्यांवर टिचक्या मारत गेली. टण, टण, टण. चांगला कार्बन असाच वाजतो. गंड्यावर नाणं आपटलं. ठप्प. गंडा बाजूला ढकलून पुन्हा मारलं. ठप्प. तिनं गंडा पुन्हा जागेवर सारला. ताशी साठच्या वेगानं उतारावर ही नळी हातात आली असती तर नुसत्या गळ्याच्या हाडावर भागलं नसतं.

घरी येऊन तिनं आईला सगळं सांगितलं. पारुबाईनं कानावर हात ठेवले.

"महाराजावर शक घेऊन राहिली व्हय? तुहा तो चाचा काय देव हाय?"

"मी करून दाखवते. हात धर."

"म्या न्हाई धरत. तू शिकलेली, तू काय बी करून दाखवशील." आणि तिनं पाठ फिरवली. त्या आठवड्यात दोघी एका घरात जेवल्या पण एका ताटाशी बसल्या नाहीत. शितल वेड्यासारखी पायीच तांड्याच्या वाटेनं येरझारा घालत राहिली. आईची समजूत पटल्याशिवाय रविवारी चाकावर बसायचं नाही, आणि या फ्रेमवर तर मुळीच नाही, एवढं तिचं ठरलं होतं.

बाजाराच्या दिवशी ती आईला घेऊनच मंडपात गेली. गर्दी मागच्या वेळेपेक्षा दुप्पट. नंबर लागलेले, लागून गेलेले, सगळे तिथंच घुटमळत होते. शितलनं काळी फ्रेम महाराजांसमोर ठेवली.

"दक्षिणा?" महाराज हसले.

"आधी एक विचारायचंय." ती गर्दीकडं वळली आणि मैदानावरच्या आवाजात म्हणाली, "आज ज्यांची ज्यांची परीक्षा झाली, त्यांनी उजवा हात वर करा!"

शाळेतली सवय म्हणा, पंचवीस-तीस हात वर गेले.

"बाह्या मागं घ्या. धर्मसिंगदादा, तुमी आज पुन्हा आलात ना? जुन्या सायकलवर हात पडला तेव्हा बोटं कुठं टेकवली होती?"

धर्मसिंगनं हात डोळ्यांसमोर आणला. "हितं. मनगटावर."

"आणि सिद्ध सांगाड्यावर?"

"हितं वर. दंडापाशी." त्यानं शेजारच्याच्या हाताकडं पाहिलं. शेजाऱ्यानं त्याच्या. सगळ्यांच्या हातांवर शेंदराची तीच दोन ठिकाणं. एकाचाही ठसा मधे नव्हता, एकाचाही उलटा नव्हता.

"दार ढकलताना बिजागरीपाशी ढकला, जड जातं. कडीपाशी ढकला, बोटानं उघडतं," शितल म्हणाली. "एवढंच हाय. स्पंदन नाही, काही नाही."

"अश्रद्ध!" महाराज गरजले. "ही दैवी शक्ती माझ्या बोटांत आहे! कुणीही दाबून चालत नाही!"

"मग बघू या. खेमा, तू सिद्ध सांगाड्यावर हात ठेव. तुझा हात तर पडायलाच नको. आणि दाबेल माझी याडी."

खेमाला नाही म्हणता येईना, एवढ्या लोकांसमोर सत्तरीच्या म्हातारीला तो घाबरला असं दिसलं असतं. त्यानं छाती फुगवून हात ताठ केला. पारुबाई मागं सरली. "मला यात वढू नको गं." शितलनं तिच्याकडं नुसतं पाहिलं. म्हातारी पुढं आली, महाराजांना आधी हात जोडले, मग पहिलवानाच्या दंडावर दोन बोटं दाबली. काही नाही. तिला हायसं वाटल्यासारखं दिसलं. मग तिनं बोटं मनगटावर नेली आणि अंगाचा भार टाकला.

पहिलवानाचा हात लुळा पडल्यासारखा खाली आला.

 गर्दीत कुणीतरी फिसकन हसलं.

"देवी संचारली! मातेच्या अंगात देवी संचारली!" महाराज भोंग्यातून ओरडले.

पारुबाई सरळ झाली. "माझ्या अंगात कंबरदुखी हाय रं बाबा, दुसरं काय बी न्हाई," ती म्हणाली. आणि काळ्या फ्रेमपाशी बसून स्वतःच्या नखांनी गंड्याची गाठ सोडायला लागली. दोऱ्याचे वेढे एकामागून एक उलगडत गेले. शितलनं किल्लीनं खालचा रंग खरवडला. आत पुट्टी होती, आणि पुट्टीखाली नळीला अर्धं वेटाळणारी चीर. कुठल्याशा शहरात अपघातात मोडलेली फ्रेम भंगारातून उचलून, रंगवून, सिद्ध करून आणलेली. लोकांनी मांडवावरचे बाकीचे गंडे सोडायला घेतले तेव्हा महाराज मंडपाच्या मागच्या बाजूनं जीप शोधत होते. पण जीपचा ड्रायव्हर हातावरचे दोन ठसे पुसत पुढ्यात उभा राहिला आणि पोलीस येईपर्यंत हलला नाही.

"मॅडम," धर्मसिंगनं विचारलं, "आमी अडाणी. तुमी तर शिकलेल्या, सायकलीतल्या मुरलेल्या. तुमी कशा फसल्या?"

शितलनं लपवलं नाही. "कारण त्यानं मला हवं ते सांगितलं. मी हळू झालेय, वय झालंय, हे मला ऐकायचं नव्हतं. दोष दुसऱ्या कशाचा तरी असावा असं वाटत होतं. ज्याला जे ऐकायचं असतं तेच हे लोक विकतात. म्हणून चमत्कार दिसला की आधी विचारा, मला हे खरं वाटावं असं का वाटतंय? मग स्वतः करून बघा. दोनदा करून बघा. खरं असेल तर तुमी बघितल्यानं ते पळून जात नाही."

दुसऱ्या दिवशी चाचांच्या दुकानात स्टीलची एक जुनी, साधी निळी फ्रेम स्टँडवर चढली होती. पल्ला शितलच्या मापाचा. वजन थोडं जास्त, पण नळ्या नाण्याला खणखणत होत्या आणि जोड स्वच्छ होते. आता ती सरळ आहे का, एवढंच पाहायचं राहिलं होतं. त्याला दोरा लागतो. मागचं चाक बसतं त्या एका खाचेपासून निघून हँडलच्या नळीला वळसा घालून दुसऱ्या खाचेपर्यंत ताणायचा, आणि सीटच्या नळीपासून दोन्हीकडच्या दोऱ्याचं अंतर मोजायचं; सारखं आलं की फ्रेम सरळ. चाचा दोरा शोधू लागले.

पारुबाईनं पदराची गाठ सोडून लाल दोऱ्याची गुंडाळी काढली. "ह्यो चालंल का? टाकवंना म्हणून ठिवला व्हता."

दोरा पुरला. शितलनं एक टोक धरलं, चाचांनी दुसरं. पारुबाईच्या हातात पट्टी दिली. तिनं डावीकडं पट्टी लावली, नख ठेवून खूण केली, मग उजवीकडं आली आणि बराच वेळ डोळे बारीक करून बघत राहिली.

"बराबर हाय का याडी?"

"थांब," पारुबाई म्हणाली. "आजून एकदा बघून घिऊ दे." आणि ती पुन्हा डावीकडं गेली.