ऐकण्याची खोली

खोलीत सात धूपपात्रं होती. तीन उभी, दोन बसकी, एक कलंडल्यासारखं, आणि एक मुद्दाम तडा पाडून तो काळ्या लाखेनं भरलेलं. सातांपैकी एकच पेटलेलं. शिवाय चार चटया, एक बुटकं टेबल, भिंतीत एक कोनाडा (तो रिकामाच ठेवायचा असं ठरलं होतं), आणि चौथ्या चटईवर गाढ झोपलेली माझी ताई. बाहेर सकाळचं लख्ख ऊन होतं.

मी तीन हाका मारल्या. तिसऱ्या हाकेला तिनं डोळे उघडले आणि माझ्याकडे नुसती बघत राहिली. मी कोण ते तिला आठवावं लागत होतं.

"झालं का तुझं मोजून?" शेवटी ती म्हणाली.

"सगळं आहे. तूही आहेस."

"मग जा ना बाई. कधी नव्हे ती झोप लागली होती."

ताई घरात ठेवायच्या सुगंधी वस्तूंची रचना करते आणि भावोजी त्या मातीत घडवून भट्टीत भाजतात. मी रसायनशास्त्राची पदवी घेऊन नोकरीची वाट बघत होते, तोवर त्यांच्याकडे वजनं करत होते. कोणत्या पात्रात लाकडाचा तुकडा किती झिजला, म्हणजे किती सुगंध हवेत गेला, हे शोधणं माझं काम. भावोजी मला मोजपट्टी म्हणायचे.

या वेळची पात्रं जुन्या जपानी रीतीवरून घेतली होती. भांड्यात चाळलेली राख, राखेत पुरलेला कोळसा, वर अभ्रकाची पातळ चकती, आणि चकतीवर नखाएवढं सुगंधी लाकूड. लाकूड जळत नाही, नुसतं तापतं, त्यामुळे धूर होत नाही. तिकडे हा सुगंध घेत नाहीत, ऐकतात, असं ताईनं वाचलं आणि तिच्या डोक्यात ते पक्कं बसलं. कार्यशाळेमागच्या सामानाच्या खोलीची तिनं ऐकण्याची खोली केली. लाकडी चौकटींची सरकती दारं आली, चौकटींवर पांढरा कागद आला. हवा हलली की सुगंध तुटतो, म्हणून एकुलत्या एका खिडकीच्या फटींत लोकरीच्या पट्ट्या बसल्या.

मूळ रीतीत कोळसा बोटाच्या पेराएवढा असतो आणि तासाभरात विझतो. भावोजींनी भुकटी साच्यात दाबून मुठीएवढी वडी केली. ती अर्धा दिवस चालायची.

"गिऱ्हाईक काय सारखं कोळसा घालत बसणार?" ते म्हणाले. "वस्तू दिवाणखान्यातली आहे, आगगाडीचं इंजिन नाही."

"एवढा कोळसा कशाला पण?" मी विचारलं होतं.

"धूर दिसतोय का तुला? नाही ना? मग झालं तर."

ताईला सातवा महिना लागला होता. पाचव्यापासून तिला झोप नव्हती. कूस बदलायची, उठून बसायची, पहाटे स्वयंपाकघरात उगाच भांडी लावायची. आता त्या खोलीत गेली की पाठ टेकताच तिचा डोळा लागायचा. भावोजी ज्याला त्याला हे सांगायचे. आपल्या हातच्या भांड्यानं बायकोला झोप आणली, याहून मोठं प्रशस्तिपत्रक काय असणार!

मग एका मोठ्या दुकानाच्या खरेदीवाल्या बाई आल्या. बडबड्या होत्या. दारातच भावोजींना म्हणाल्या, "मला विकणं सोपं नाही हं, मी स्वतः विकते." ताईनं त्यांना चटईवर बसवलं, दारं सरकवली. हळूहळू बाईंचं बोलणं थांबलं. बाहेर आल्या तेव्हा त्या चौकटीला धरून उभ्या होत्या.

"माझं डोकं इतकं शांत कधीच झालं नव्हतं," त्या म्हणाल्या. "आत काहीतरी बंद पडल्यासारखं वाटतंय."

"बंद पाडणं हेच तर आमचं कसब," भावोजी म्हणाले.

बाईंनी उजव्या पायात डावा बूट घातला. सगळे हसलो, त्याही हसल्या. हे झोपण्याच्या खोलीसाठी म्हणूनच विकू, असं त्यांनी तिथल्या तिथे ठरवलं आणि मोठ्या खोलीसाठी जोडी करून दाखवा असं सांगून गेल्या.

ती शांतता कुठून येते, हे मला समजून घ्यायचं होतं. प्रयोगशाळेत आम्हाला एक साधी सवय लावलेली असते: जे तपासायचं ते काढून टाका आणि पुन्हा मोजा. दुसऱ्या दिवशी मी राख चाळली, कोळसा पेटवून पुरला, चकती ठेवली, आणि लाकूड ठेवलंच नाही. ताईला काही सांगितलं नाही. आम्ही दोघी दारं लावून बसलो.

"आजचा सगळ्यात खोल आहे," ताई डोळे मिटून म्हणाली.

"कशाचा वास येतोय?"

"वास नाही गं. शांतता."

दुपारी जेवताना मी हे हसत हसत फोडलं. ताईनं घास खाली ठेवला.

"तुला गंमत वाटते. तिथे माझा डोळा लागतो, एवढंच मला कळतं. आता माझी झोपही काट्यावर ठेव."

"मोजपट्टी," भावोजी म्हणाले, "हिच्या झोपेला हात लावायचा नाही. ही जागी राहिली की सगळं घर जागं राहतं."

"तुम्ही घोरता म्हणून जागी राहते," ताई म्हणाली, आणि विषय तिथे मिटला.

माझा मिटला नाही. ताई स्वतःची समजूत घालते आहे, असं मी धरून चालले होते. पण भांडी घासताना माझ्या कपाळात ठणके येत होते आणि हातातली बशी दोनदा निसटली. माझी कसली समजूत? पात्र रिकामं आहे हे मला तर माहीत होतं. लाकूड काढल्यावर त्यात राख उरते, अभ्रक उरतं, आणि कोळसा. राखेत पुरलेल्या कोळशाला हवा कमी मिळते. तो अर्धवट जळतो. अर्धवट जळण्यातून कार्बन मोनॉक्साइड निघतो, आणि त्याला ना रंग, ना वास. कागदी दारातून हवा खेळत असणार, असं म्हणून मी स्वतःला सावरलं. तरी सकाळी उठल्याबरोबर शेजारच्या गल्लीतल्या हीटर दुरुस्त करणाऱ्याकडे गेले. त्याच्याकडे तो वायू मोजायचं यंत्र होतं. तो ते शोधून देईपर्यंत बराच वेळ गेला, आधी दुकान उघडायची वाट, मग यंत्रात घालायच्या बॅटरीची.

तिथूनच मी भावोजींना फोन केला.

"भावोजी, दारांचा कागद साधाच आहे ना? हवा जाते ना त्यातून?"

"छे! साधा कागद कसला टिकतोय. हात लागून फाटतो, मळतो. मी आतून प्लॅस्टिकचा पापुद्रा चिकटवलाय. कळतसुद्धा नाही बघ."

"ताई कुठे आहे?"

"आत झोपलीय. आज दोन पात्रं लावलीत, बाईंना जोडी हवी ना. नमुना बघतोय कसा—"

"केव्हापासून?"

"तू बाहेर पडलीस तेव्हापासून. का गं?"

"दार उघडा."

"अगं, आत्ता कुठे तिला—"

"भावोजी, दारं उघडा. दोन्ही. तिला ओढून बाहेर काढा. आत थांबू नका."

फोन कुठेतरी ठेवल्याचा आवाज आला. दार सरकलं. मग त्यांनी तिला हाक मारली. पुन्हा मारली. तिसऱ्या हाकेपर्यंत मी रस्त्यावर पळत होते.

ताई मागच्या पायरीवर बसली होती आणि ओकत होती. भावोजींनी तिला पाठीमागून धरलं होतं. त्यांच्या कोपरांपर्यंत ओली माती होती, ताईच्या गाऊनवर त्या मातीचे ठसे उमटले होते. मी उंबऱ्यातून यंत्र आत धरलं. दारं उघडून वेळ झाला होता, तरी आकडा दोनशे दहा होता. पस्तीसला ते ओरडायला लागतं. ते ओरडतच होतं.

"बंद कर ते," ताई म्हणाली. तिनं पोटावर हात ठेवला. काढला. दुसरीकडे ठेवला. "आज बाळ हललेलं आठवत नाही मला."

"सकाळी हललं असेल," भावोजी म्हणाले.

"मला सकाळच आठवत नाही."

दवाखान्यात तिच्या तोंडावर प्राणवायूचा मुखवटा चढवला आणि रक्त घेतलं. डॉक्टरीणबाई भराभर बोलत होत्या. सिगारेट न ओढणाऱ्या माणसाच्या रक्तात हा वायू दोन टक्क्यांच्या आत असतो. ताईच्या रक्तात बावीस टक्के होता.

"बावीस म्हणजे किती, मोजपट्टी?" भावोजींनी हळूच विचारलं.

"जास्त," मी म्हणाले.

"आणि बाळाच्या?"

उत्तर डॉक्टरीणबाईंनी दिलं. पोटातल्या बाळाचं रक्त हा वायू आईपेक्षा घट्ट धरून ठेवतं आणि उशिरा सोडतं. मग त्यांनी ताईच्या पोटावर पट्टा बांधला. यंत्रातून कागदाची पट्टी निघू लागली, तिच्यावर दोन रेघा छापलेल्या होत्या, एकशे दहा आणि एकशे साठ. बाळाच्या हृदयाचे मिनिटाचे ठोके या दोन रेघांमध्ये हवेत, असं त्या म्हणाल्या. त्यांनी पट्ट्याखालची ठोके टिपणारी चकती पोटावर डावीकडून उजवीकडे सरकवली. खरखर आली. थोडी खाली सरकवली. पुन्हा खरखर. ताईनं मुखवट्याआड डोळे मिटले होते. आम्ही तिघं ऐकत होतो.

मग चकती एका जागी थांबली आणि पडद्यावर आकडा उमटला.

अठ्ठ्याण्णव.