पहिला घोट

अख्खं राज्य त्याला दादा म्हणायचं. माझा तो सख्खा दादा.

त्याचं राजकारण एका पेल्यावर उभं राहिलं. आमदार असताना एका वस्तीत नवी जलवाहिनी आली, पण लोक त्या पाण्याला हात लावेनात. दादाने नळाखाली पेला धरला आणि सगळ्यांदेखत रिकामा केला. "मी पाणी पितो, पैसे खात नाही," म्हणाला. पुढे प्रत्येक उद्घाटनात पहिला घोट त्याचा. कार्यकर्ते अभिमानाने सांगायचे, "आमचे दादा पितात, पण खात नाहीत." वहिनी म्हणायची, "एवढं माझ्या माहेरी सांगू नका."

विरोधकांना पाणी पाजत तो पाणीपुरवठा मंत्री झाला. शपथविधीला टाळ्या वाजवून माझे तळवे लाल झाले होते.

शहराच्या नव्या जलशुद्धीकरण केंद्रात मी रसायनतज्ज्ञ होते. चाचणीच्या पाण्यात जंतू येत राहिले. गाळणीच्या टाक्यांत वर चांगली वाळू होती, हातभर खणल्यावर बांधकामाची माती लागली. क्लोरीन कितीही घातलं तरी ती माती ते खाऊन टाकत होती. कंत्राट वहिनीच्या भावाचं.

मी दादाच्या कार्यालयात गेले.

"उद्घाटन पुढे ढकल. लोक आजारी पडतील."

"निमंत्रणं गेलीत. वाळू नंतर बदलू."

"एकदा शहराला पाणी सोडलं की कोण टाक्या रिकाम्या करू देणार आहे? यात तुझा वाटा किती?"

त्याने समोरची फाईल उगाच सरळ केली. "पक्ष हवेवर चालत नाही, छोटे. तू प्रमाणपत्रावर सही कर. नाहीतर दुसरं कोणी करेल."

"करू दे."

दुसऱ्या कोणीतरी केली.

उद्घाटनाला मांडव गच्च भरला होता. पेला द्यायचं काम माझ्याकडेच होतं. बहिणीच्या हातून घेतलेला पेला फोटोत छान दिसतो. स्वीय सहायकाने माझ्यापुढे स्टीलचा जग ठेवला. "मॅडम, साहेबांना यातलं. बाटलीचं आहे."

मी जग टेबलाखाली सरकवला. व्यासपीठावरच्या नळाखाली पेला धरला आणि भरून दादापुढे केला. नळ थेट केंद्राच्या पाण्याचा होता, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं.

त्याने पेला उंचावला. कॅमेरे चमकले. तो प्यायला असता तर त्याच दुपारी घरोघरी तेच पाणी गेलं असतं, आणि माझ्या बोलण्याला कुणी विचारलं नसतं. त्याने पेला ओठांना लावला. गळा हलला नाही.

"दादा, घोट गेला नाही हो खाली," पहिल्या रांगेतली एक बाई सहज म्हणाली.

तो हसला. पुन्हा पेला उचलला. पुन्हा तेच.

"पोट भरलंय त्यांचं," मागून कुणीतरी म्हणालं.

आधी एक रांग हसली, मग सगळा मांडव. इतकं सुंदर हसू मी त्याआधी ऐकलं नव्हतं. दादाने पेला खाली ठेवला. मुख्य झडपेपाशी उभ्या असलेल्या अभियंत्याने चाकावरचे हात काढून घेतले.

पत्रकार माझ्याकडे वळले. "पाण्यात काय आहे, मॅडम?"

"चला, दाखवते," मी म्हटलं आणि फावडं मागवलं. पहिल्या टाकीची वाळू मी स्वतः उपसली. काळी माती वर आली तेव्हा अर्धं शहर काठावर उभं होतं.

चौकशीत दादाचा कंत्राटदार मेहुणा घडाघडा बोलला. दादाचं मंत्रिपद गेलं, मग आमदारकी, मग तो तुरुंगात गेला. वहिनी माझ्याशी बोलेनाशी झाली. मी ते सोसलं, कारण ट्रक भरभरून माती बाहेर जात होती आणि धुतलेली वाळू आत येत होती.

नमुने स्वच्छ आले, पुन्हा तपासले, पुन्हा स्वच्छ आले. मांडव न घालता, भाषण न करता मी आणि अभियंत्याने झडपेचं चाक फिरवलं. पाणी शहराकडे धावलं आणि केंद्रातली सगळी माणसं चक्क नाचली.

संध्याकाळी जामिनावर सुटलेल्या दादाचा फोन आला. 

"नळाला पाणी आलंय," तो म्हणाला. "तुझी वहिनी विचारतेय, उकळावं लागेल का?"

"नाही," मी म्हटलं. "तसंच प्या."