होल्गरच्या शुभेच्छा

आमच्या वेटर्न तळ्यावर मासेमारीला निघालेल्या माणसाला कुणी शुभेच्छा देत नाही. "रिकाम्या हाताने या" म्हणतात. शुभेच्छा दिल्या की दिवस नासलाच. शेजारच्या होल्गरला हे पक्कं ठाऊक. तरी आज धक्क्यावरून मेला ओरडला, "गुनवोरवहिनी, भरपूर मासे मिळोत हं!"

झालं! माझा नवरा स्टुरे तिथेच गळपटला. मागे गळ ओढत बोट हळूहळू चालवत होता, पण तोंड उतरलेलं. शेवटी "चल घरी," म्हणत त्याने रागाने बोट गर्रकन वळवली.

त्या वळणावर बाहेरच्या बाजूचा गळ एकदम वेगाने ओढला गेला आणि काठी पार वाकली. सॅमन!

"सोडू नकोस गं!" स्टुरे किंचाळला.

"मी सोडतेय? तू आधी जाळं धर!"

दंड भरून आले, पण मासा बोटीत घेतलाच. माझ्या मांडीएवढा!

धक्क्यावर होल्गर आपल्या बोटीचा दोर सोडतच होता. मासा दोन्ही हातांनी उंच धरून मी गोड आवाजात म्हणाले, "भावजी, तुम्हालाही भरपूर मिळोत हं!"

त्याने दोर पुन्हा खुंटीला बांधला.