बारा भरत्या

गुरुवारी दुपारी थिआने वडिलांच्या खुर्चीला मागून पाय मारला. "डॅड, तुझा खेकडा पुन्हा आभाळात चढलाय."

"चढू दे. समुद्र बघायचा असेल त्याला." लिंडसे पास्कोने कॉम्प्युटरवरून मान वळवली नाही.

"आणि होडी बुडाली की तुझी मुलगी पाण्यावरून चालते."

"म्हणजे तुझ्यापेक्षा गुणी आहे." हसताना त्याच्या हातातल्या खिमा पॅटिसमधला सॉस शर्टावर सांडला. "काय नशीब! पोटची पोर, आणि तीच माझ्या चुका काढायला."

ब्रिस्बेनच्या त्या स्टुडिओत लिंडसे व्हिडिओ गेम बनवायचा आणि थिआ त्यातल्या चुका हुडकायची. या खेळाचं काम सहा वर्षं चाललं होतं. पैसे पुरवणारी प्रकाशक कंपनी तो जाहीर करेपर्यंत त्याचं खरं नाव किंवा त्यातलं काहीही दाराबाहेर काढायचं नाही, अशा करारावर सगळ्यांनी सही केलेली. बाहेर टोपणनाव चालायचं, 'लोरिकीट', तिथल्या एका रंगीत पोपटाचं. थिआच्या आईलाही तेवढंच ठाऊक. "तुमचं ते पाखरू अंडं कधी घालणार?" असं ती जेवताना विचारायची.

शुक्रवारी सकाळी चहाच्या टेबलावर फुकटचे डोनट मांडलेले दिसले आणि जुनी माणसं आपापले खण आवरू लागली. कंपनीला एवढं प्रेम कधी फुटतं, हे त्यांनी आधी पाहिलं होतं. स्टुडिओचा प्रमुख मरे टेंच, लिंडसेचा जुना दोस्त, घसा खाकरून म्हणाला, "खेळ उत्तम आहे. पण कंपनी तो बाजारात आणणार नाही. स्टुडिओही बंद होतोय. कॉम्प्युटरना हात लावू नका. सगळं पुसायचं आहे."

लिंडसेने पेन्सिलीने काढलेली आपली चित्रं पिशवीत घातली होती. मरेने ती दारातच काढून घेतली.

"माझ्या हातची आहेत रे ती."

"कंपनीच्या वेळेत काढलीस ना? मग झालं."

लिंडसे तेव्हा अठ्ठावन्नचा. नोकरी मागायला गेला की समोरची पोरं विचारत, सहा वर्षं काय केलंत? सांगता येत नाही. बरं, काही दाखवा. दाखवता येत नाही. एकाने हसून विचारलं, "आत होतात की काय?" घरी येऊन लिंडसेने हे विनोद म्हणून सांगितलं. कोणी हसलं नाही. जूनमध्ये बागेला पाणी घालताना तो कोसळला. आईला कळेपर्यंत पाणी रस्त्यापर्यंत गेलं होतं.

अंत्यविधीच्या सभागृहाबाहेर मरेने थिआला गाठलं. प्रकाशक कंपनीने त्याला आता आपल्याकडेच घेतलं होतं.

"बोलणार आहेस ना? बोल की. फक्त खेळाचं नाव घेऊ नकोस, पोरी. वकील सोडणार नाहीत तुला."

"आज पण?"

"करार काही त्याच्याबरोबर जळत नाही गं."

विधी चालवणाऱ्या बाईंनी लिंडसेचं आयुष्य वाचून दाखवलं. त्याने आधी बनवलेला मासेमारीचा खेळ, मोटारींचा खेळ. "आणि शेवटची काही वर्षं लिंडसेने विविध कामांत घालवली."

मागून ग्लेंडा आत्या कुजबुजली, "विविध कसली? बेकारच होता बिचारा. बायकोने पोसला."

आईने ऐकलं. तिने मान खाली घातली. नवऱ्याने सहा वर्षं काय बनवलं, हे सांगायला तिच्याकडे एका पाखराच्या नावाशिवाय काहीच नव्हतं.

थिआ उठली. मरेने दुरून मान हलवली, नको.

"आई, त्या खेळाचं नाव 'बारा भरत्या'," ती म्हणाली. "एक मुलगी खाडीच्या चिखलात गावाची बुडालेली घंटा शोधते. सहा वर्षं तो हेच करत होता, ग्लेंडा आत्या. कंपनीने सगळं पुसून टाकलं. मरे, वकिलांना सांग, मीच बोलले."

मग ती शवपेटीकडे वळली.

"डॅड, मी तुला नुसत्या चुका सांगितल्या. पण काम संपलं तरी मी उठायचे नाही. ओहोटी लागली की त्या मुलीच्या पावलांच्या ठशांत पाणी साचायचं, ते बघत बसायचे. फार सुंदर होतं रे ते."